हिशेबात नसलेली शर्यत

स्वित्झर्लंडमधला रविवार आपल्याकडच्या कडकडीत बंदसारखा असतो. दुकानं मिटलेली, रस्ते मोकळे आणि माणसं कुठं गेली याचा पत्ता नाही. भाच्याकडे बर्नला गेलो होतो तेव्हा असाच एक रविवार अंगावर आला. घरात बायकोनं आणि भाचेसुनेनं पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. त्यात माझी लुडबूड नको म्हणून भाच्यानं मला बाहेर काढलं आणि रेल्वेनं वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या फ्रिबूर नावाच्या गावी नेलं. जुनं गाव बघायचं, खाली दरीतून वळसे घेत जाणारी सारीन नदी बघायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं, एवढाच बेत होता.

स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललो, तर हिरवळीच्या कडेला पाण्याच्या कुंडात भंगाराचा ढीग हलताना दिसला. काळी लोखंडी चाकं, दांडे, वाकडेतिकडे पाइप. चाकं फिरत होती आणि पाइपांतून पाणी मन मानेल तिकडं उडत होतं. आधी वाटलं, काहीतरी दुरुस्ती चालू आहे. माझं लहानपण पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला वडिलांच्या डेंटिंगच्या शेडमध्ये गेलेलं. त्यामुळं लोखंड दिसलं की पाय आपोआप तिकडं वळतात. जवळ जाऊन नाव वाचलं आणि तिथंच थबकलो. कारंजं जो सिफर्टच्या नावाचं होतं.

भाच्यानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याचा जन्मच सिफर्ट जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावरचा. आणि मोटारींच्या शर्यतींत ज्यांनी जागतिक विजेतेपद मिळवलं त्यांचीच नावं लोकांच्या ध्यानात राहतात. सिफर्टला ते कधीच मिळालं नाही. मी तिथल्याच बाकावर बसलो आणि त्याला सांगायला सुरुवात केली. जे सांगितलं तेच जरा जुळवून इथं मांडतो आहे.

जोसेफ सिफर्टचा जन्म ७ जुलै १९३६ चा, याच फ्रिबूरचा. हे गाव दोन भाषांचं. आपल्या बेळगावात जशी एकाच गल्लीत मराठी आणि कानडी नांदते, तशी इथं फ्रेंच आणि जर्मन. जर्मन बोलणारे त्याला लाडानं सेप्पी म्हणत, फ्रेंच बोलणारे त्याच्या आडनावातला शेवटचा ट गिळून सिफेर म्हणत, आणि पुढं साऱ्या जगानं त्याचा जो केला. घरची परिस्थिती बेताचीच होती. वडिलांचा दुधाचा व्यवसाय होता, पण त्यावर सगळं भागत नसे.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला घड्याळं, चॉकलेट आणि यश चोप्रांच्या नायिका आठवतात. त्या देशातही कुणी चिंध्या गोळा करत असेल, हे डोक्यात येत नाही. सेप्पी ते करायचा. चिंध्या आणि मोड गोळा करून विकायची, रानातली फुलं तोडून गावात विकायची, लष्कराच्या सरावाच्या मैदानावर पडलेली काडतुसांची पितळी टरफलं वेचून वजनावर द्यायची. आमच्या शेडमध्ये दुपारी पोतं घेऊन येणारी पोरं मला आठवली. पत्र्याचे तुकडे, जुने नटबोल्ट, जे मिळेल ते ती उचलत. त्यांच्याकडं बघून कुणालाही असं वाटलं नसतं की यातला एखादा उद्या जगातल्या सगळ्यांत वेगवान माणसांच्या रांगेत बसेल.

सेप्पी लहान असताना वडिलांनी त्याला बर्नला स्विस ग्रां प्री दाखवायला नेलं. शर्यतीचा तो रस्ता शहराला लागून असलेल्या ब्रेमगार्टनच्या झाडीतून जायचा. पोरानं मोटारी बघितल्या आणि त्याचं ठरून गेलं. शाळा संपल्यावर तो पत्र्याचं काम शिकायला उमेदवार म्हणून लागला. आपण ज्याला डेंटर म्हणतो, तेच काम. हे वाचलं तेव्हापासून हा माणूस मला परका वाटेनासा झाला. चेपलेला मडगार्ड आतून डॉली धरून, बाहेरून हलक्या हातोडीनं उठवत न्यायचा, लांबी भरून घासायचा, पुन्हा हात फिरवून बघायचा. वडील म्हणत की डेंटरचे डोळे बोटांत असतात. सिफर्टच्या हातात ही कला आल्यावर त्यानं ठोकलेल्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायला सुरुवात केली, आणि त्या पैशांवर शर्यती. आधी मोटारसायकल. १९५९ साली तो ३५० सीसी गटात स्वित्झर्लंडचा विजेता झाला आणि लगेच चार चाकांकडं वळला.

इथं एक मोठी अडचण होती. ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ले माँ इथं एक मोटार उडून प्रेक्षकांत गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्यानंतर स्वित्झर्लंडनं आपल्या देशात गोल फेऱ्यांच्या शर्यतींवर बंदी घातली. ती पुढं अनेक दशकं टिकली. म्हणजे ज्या शर्यतीनं या पोराला वेड लावलं, ती त्याला घरच्या माणसांसमोर कधीच चालवता येणार नव्हती. त्याला सराव करायचा तर परदेशात, कमवायचं तर परदेशात. गाडी मागं बांधायची, दोन मेकॅनिक मित्र बरोबर घ्यायचे आणि आल्प्स ओलांडून इटली नाहीतर फ्रान्स गाठायचा. त्यातला हाइनी माडर पुढं इंजिनं बांधणारा म्हणून नावाजला गेला.

आता ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. फॉर्म्युला वन म्हणजे एकाच माणसाला बसता येईल अशा, उघड्या चाकांच्या, त्या काळी चिरुटाच्या आकाराच्या मोटारींची शर्यत. १९५० पासून वर्षभरातल्या ठरावीक शर्यतींचे गुण मोजून जागतिक विजेता ठरवू लागले. पण त्याच मोटारी आणि तेच चालक घेऊन इतरही कितीतरी शर्यती होत, ज्यांचे गुण कुठंच धरले जात नसत. आपल्याकडं रणजीचा सामना वेगळा आणि एखाद्या जुन्या खेळाडूच्या मदतीसाठीचा बेनिफिट सामना वेगळा, तसाच प्रकार. फरक इतकाच की बेनिफिट सामन्यात वेगवान गोलंदाज जरा हात राखून टाकतो. मोटारीच्या शर्यतीत तसं जमत नाही. वळण तेच असतं, बांधही तोच. स्टर्लिंग मॉससारखा चालक १९६२ साली इंग्लंडमध्ये गुडवुडला जायबंदी होऊन कायमचा घरी बसला, तोही अशाच हिशेबात नसलेल्या शर्यतीत.

तरीही अशा शर्यती होत राहिल्या, कारण त्यांत पैसा होता. नुसतं रांगेत गाडी उभी केली तरी संयोजक ठरलेली रक्कम देत. आपल्या नाटकवाल्यांच्या नाइटसारखीच ही पद्धत. फेरारी किंवा लोटससारख्या कारखान्यांना त्याचं विशेष नव्हतं. पण सिफर्टसारखा पदरमोड करणारा माणूस त्यावर जगायचा. त्या पैशांतून टायर, त्यातूनच पेट्रोल आणि परतीचा प्रवास.

आणि गंमत म्हणजे सिफर्टचं नाव झालं तेही अशाच शर्यतींमधून. १९६३ साली सिसिलीत सिराक्यूजची शर्यत त्यानं जिंकली. पुढच्या वर्षी त्याच बेटावर एन्नाजवळच्या पेर्गुसा तळ्याभोवतीच्या रस्त्यावर त्यानं जिम क्लार्कला हरवलं. क्लार्क म्हणजे त्या काळातला सर्वश्रेष्ठ चालक. त्याच्या हाती लोटस कारखान्याची गाडी, आणि इकडं हा डेंटर स्वतःच्या पैशांनी घेतलेली ब्रॅबहॅम चालवतोय. दोघांत एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. लोकांना वाटलं, नशीब. १९६५ मध्ये तिथंच, त्याच क्लार्कला, तितक्याच थोड्या फरकानं त्यानं पुन्हा मागं टाकलं. तेव्हापासून नशिबाची भाषा बंद झाली.

या सुमाराला त्याला रॉब वॉकर भेटला. वॉकर हा व्हिस्कीच्या प्रसिद्ध घराण्यातला. त्याच्या पासपोर्टवर व्यवसायाच्या रकान्यात सद्गृहस्थ असं लिहिलेलं असे म्हणतात. वॉकरचा स्वतःचा कारखाना नव्हता. तो दुसऱ्यांच्या गाड्या विकत घ्यायचा, त्यांना गडद निळा रंग द्यायचा आणि नाकाभोवती पांढरा पट्टा मारून शर्यतीत उतरवायचा. खानदानी इंग्रज आणि फ्रिबूरचा चिंध्या वेचणारा, अशी ही जोडी. पण दोघांचं जमलं. माझ्या मते याचं कारण साधं आहे. दोघेही कारखान्यांच्या फौजेपुढं एकटे होते.

१९६८ चा मार्च. वॉकरनं मोठ्या खटपटीनं लोटस ४९ ही त्या काळातली सर्वोत्तम गाडी मिळवली. लंडनच्या आग्नेयेला केंट परगण्यात ब्रँड्स हॅच नावाचं शर्यतीचं मैदान आहे, तिथं सराव करताना सिफर्टनं ती ठोकली. गाडी डॉर्किंगला वॉकरच्या गॅरेजमध्ये आणून खोलायला घेतली आणि तिथं आग लागली. गाडी गेली, वॉकरची जुनी लाडकी डेलाज गेली आणि वर्षानुवर्षं जपलेली कागदपत्रंही जळाली. दुसरा कुणी असता तर त्यानं चालकाला निरोप दिला असता. वॉकरनं नातेवाइकांची मदत घेतली आणि नव्या गाडीची सोय केली.

ही नवी लोटस ४९ बी अगदी अखेरच्या घटकेपर्यंत मेकॅनिक जुळवत होते. २० जुलै १९६८. त्याच ब्रँड्स हॅचला ब्रिटिश ग्रां प्री, ऐंशी फेऱ्यांची. लोटस कारखान्याच्या दोन्ही गाड्या पुढं होत्या. दोन्ही एकामागोमाग बंद पडल्या. मग सिफर्ट आणि त्याच्या मागं ख्रिस एमनची फेरारी. उरलेल्या जवळजवळ निम्म्या शर्यतीत एमन त्याच्या मानेवर श्वास टाकत राहिला आणि सिफर्टनं त्याला जागा दिली नाही. शेवटी अंतर राहिलं ४.४ सेकंदांचं. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींत पहिला आलेला तो पहिला स्विस माणूस. आणि कारखान्याचं पाठबळ नसलेल्या, विकत घेतलेल्या गाडीवर चालणाऱ्या खासगी संघानं असा विजय मिळवला, तो त्यानंतर कुणालाच मिळाला नाही. ज्या मैदानावर गाडी फोडली त्याच मैदानावर हे झालं. ब्रँड्स हॅच हे नाव लक्षात असू द्या.

पुढच्या तीन वर्षांत पैसा आला, नाव आलं. पोर्शे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या तो चालवू लागला. १९६९ मध्ये ब्रायन रेडमनच्या जोडीनं त्यानं मोंझा, स्पा, न्यूरबर्गरिंग असे एकामागून एक हजार-हजार किलोमीटरचे किल्ले सर केले. पोर्शे ९१७ या गाडीला इतर चालक घाबरून असत. तिचा पहिला विजय सिफर्ट आणि कुर्ट आरेन्स यांनी मिळवून दिला. फेरारीनं त्याला बोलावलं तेव्हा तो हातचा जाऊ नये म्हणून पोर्शेनं पैसे भरून त्याला १९७० साली मार्च नावाच्या कंपनीच्या गाडीत बसवलं. ती गाडी वाईट निघाली आणि वर्षभरात फॉर्म्युला वनमध्ये त्याला एकही गुण मिळाला नाही. या वर्षाबद्दल बोलण्यासारखं एवढंच.

याच काळात जॅक होयर या घड्याळवाल्यानं त्याच्याशी करार केला. चालकाच्या अंगावर घड्याळाच्या कंपनीचा बिल्ला लागायला इथूनच सुरुवात झाली असं मानतात. पण फुलं विकलेला पोरगा नुसता बिल्ला लावून बसेल कसा? तो शर्यतीच्या तळावर इतर चालकांना सवलतीच्या दरात घड्याळं विकायचा. स्टीव्ह मॅक्क्वीनचा ले माँ हा चित्रपट मी ऐंशीच्या दशकात, व्हिडिओ भाड्यानं आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघण्याचे ते दिवस होते तेव्हा बघितला. त्यातला मॅक्क्वीनचा पांढरा पोशाख आणि छातीवरचा होयरचा बिल्ला माझ्या डोक्यात बसला होता. पुढं कळलं की मॅक्क्वीननं तो थाट सिफर्टवरून उचलला होता आणि चित्रपटासाठी शर्यतीच्या गाड्या मिळवून देण्यातही सिफर्टचा हात होता. त्या कॅसेटमुळं हे नाव माझ्याकडं आलं.

१९७१ मध्ये तो बीआरएम या ब्रिटिश संघात आला. तिथं त्याचा जोडीदार होता मेक्सिकोचा पेद्रो रॉड्रिगेझ. पोर्शेच्या संघातही दोघं एकत्रच होते आणि एकमेकांना इंचभर जागा द्यायची नाही अशी दोघांचीही रीत. मागच्या वर्षी स्पाच्या शर्यतीत सुरुवातीलाच दोघांच्या गाड्या एकमेकींना घासत वळणातून गेल्या होत्या, एकाच संघाच्या असून. ११ जुलै १९७१ ला जर्मनीत नोरिसरिंगच्या शर्यतीत रॉड्रिगेझ गेला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला ऑस्ट्रियात सिफर्ट पहिल्या जागेवरून निघाला, प्रत्येक फेरीत पहिला राहिला, सगळ्यांत वेगवान फेरीही त्याचीच, आणि शेवटी एका टायरमधली हवा कमी होत असताना गाडी सांभाळत सांभाळत त्यानं ती शर्यत जिंकली. वर्षअखेरीला गुणांत तो जॅकी इक्सच्या बरोबरीनं होता. वय ३५. घरी बायको, दोन लहान मुलं, गावात मोटारींचा धंदा.

त्या वर्षीची शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला मेक्सिकोत व्हायची होती. आदल्या वर्षी तिथं प्रेक्षक अगदी रस्त्याच्या कडेला येऊन बसले होते, आणि आता त्यांचा लाडका रॉड्रिगेझ राहिला नव्हता. मेक्सिकोची शर्यत रद्द झाली. तारीख मोकळी पडली. त्या वर्षी जॅकी स्टुअर्ट जागतिक विजेता झाला होता, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ त्याच रविवारी ब्रँड्स हॅचला चाळीस फेऱ्यांची एक शर्यत ठेवण्यात आली. गुण नाहीत, विजेतेपद ठरून गेलेलं. सत्काराचाच कार्यक्रम म्हणायचा.

ज्याचा सत्कार होता त्या स्टुअर्टची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. १९६६ मध्ये बेल्जियममध्ये स्पाला पावसात त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली. मोडलेल्या गाडीत तो अडकला आणि अंगावर पेट्रोल ठिबकत होतं. सोडवायला कुणी अधिकारी आला नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेतला आणि स्टिअरिंग काढून त्याला बाहेर ओढलं. त्या दिवसापासून स्टुअर्ट सुरक्षिततेसाठी भांडत होता. पट्टे हवेत, कठडे हवेत, डॉक्टर हवा, आग विझवणारी माणसं हवीत. जुने लोक त्याला भित्रा म्हणत. पाच वर्षांनंतर अशा माणसाच्या सत्काराची शर्यत भरली होती.

सिफर्ट पहिल्या रांगेतून निघाला, पण सुरुवात बिघडली आणि पहिल्याच फेरीत रॉनी पीटरसनच्या गाडीशी त्याची घासाघीस झाली. तो मागं पडला. मग नेहमीसारखा एकेक गाडी गाठत चौथ्या क्रमांकापर्यंत आला. हिशेबात नसलेली शर्यत होती, चौथा काय आणि दहावा काय, पण हा विचार करणाऱ्याला तिथपर्यंत कुणी पोहोचू देत नाही. पंधराव्या फेरीत, मैदानाच्या मागच्या भागात, उतारावरून हॉथॉर्न वळणाकडं सुसाट जाताना गाडीनं रस्ता सोडला. ती बांधावर आदळली, उलटली आणि पेटली. पहिल्या फेरीतल्या धडकेनं काही वाकलं होतं, की गिअरबॉक्स अडकला, की टायर गेला, यावर पुढं बरंच लिहिलं गेलं. नेमकं कारण हाती लागलं नाही.

त्या काळच्या या गाड्यांत चालकाच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या असत. पेट्रोलच्या दोन पिशव्यांच्या मधे माणूस निजवल्यासारखाच तो प्रकार. शर्यत अजून निम्मीही झालेली नव्हती, टाक्यांत भरपूर पेट्रोल होतं. काळ्या धुराचा लोट साऱ्या मैदानावरून दिसला. शर्यत थांबवली गेली. मागून येणारे चालक गाड्या सोडून उभे राहिले. नियमाप्रमाणे आधीच्या फेरीवरून निकाल लावला गेला. पहिला आला पीटर गेथिन, बीआरएमचाच, सिफर्टचा जोडीदार. त्या दिवशी तिथं कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही.

पुढं चौकशी झाली, आणि ती वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. सिफर्टचा फक्त पाय मोडला होता. त्या आघातानं तो मेला नव्हता. तो धुरात गुदमरून गेला. रस्त्याच्या कडेला ठेवलेली आग विझवण्याची नळकांडी चालली नव्हती आणि आगीची धग अशी की कुणाला जवळ जाता आलं नाही.

वेगानं जगला, वेगानं गेला, असं अशा माणसांबद्दल लिहायची पद्धत आहे. त्याच्यावरच्या एका माहितीपटाच्या नावातही तोच भाव आहे. मला ते पटत नाही. वेगानं त्याचा पाय मोडला. जीव घेतला तो न चाललेल्या नळकांड्यांनी. पाय मोडलेला माणूस प्लॅस्टर घालून महिन्या-दोन महिन्यांत चालायला लागतो.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, तेही सांगतो. मी आठवी-नववीत असेन. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका पोरानं पेट्रोलची टाकी नीट धुवून न घेताच डाग द्यायला घेतली. भडका उडाला. भिंतीवर ओळीनं लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या टांगलेल्या होत्या, तपासणीसाठी माणूस यायचा म्हणून. वडिलांनी धावत जाऊन एक उपसली, तर वरची चार बोटं वाळू आणि खाली विड्यांची थोटकं, पानाच्या पिंका, चहाचे फुटके कप. दुसरी तशीच. तिसरी रिकामी. शेवटी ओल्या पोत्यांनी आग विझली आणि पोरगं वाचलं, पण त्याचा उजवा हात कोपरापासून खाली गेला तो गेलाच. डेंटरचा उजवा हात. पुढं तो टिंबर मार्केटमध्ये वखारीत पावत्या फाडायचा. वडिलांनी दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमधल्या बादल्या स्वतः धुतल्या, वाळू चाळून भरली आणि मरेपर्यंत दर शनिवारी त्यांत हात घालून बघायचे.

सिफर्टनंतर नियम बदलले. गाडीतच आग विझवण्याची यंत्रणा बसवणं आलं, आणि धुरात अडकलेल्या चालकाला श्वास घेता यावा म्हणून नळीनं हेल्मेटमध्ये हवा सोडण्याची सोय आली. पण कागदावर नियम येणं आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात चालणारं नळकांडं येणं, यांत पुष्कळ अंतर असतं. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, हॉलंडमध्ये झांडफूर्टला रॉजर विल्यमसन उलटलेल्या, पेटलेल्या गाडीखाली अडकला. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा चालक आपली गाडी सोडून धावत गेला आणि एकटाच ती गाडी सरळ करायला झटत राहिला. बाकीचे बघत होते आणि शर्यत चालूच होती. विल्यमसनही गेला. विजेतेपदाच्या हिशेबाबाहेरच्या शर्यती मात्र हळूहळू कमी होत गेल्या. शेवटची झाली १९८३ साली, ब्रँड्स हॅचलाच.

सिफर्टला फ्रिबूरला आणलं. गावाची लोकसंख्या तेव्हा ४० हजारांच्या आसपास, आणि अंत्ययात्रेला लोटली ५० हजार माणसं. शवपेटीच्या गाडीपुढं निळ्या-नारिंगी रंगाची पोर्शे ९१७ चालवत नेली. ज्या देशात शर्यतीची मोटार पळवायला बंदी, त्या देशाच्या रस्त्यांवरून ती माणसाच्या पावलांच्या वेगानं गेली. ज्या पोराकडून कधीकाळी फुलांच्या जुड्या घेतल्या असतील अशा बायकाही त्या गर्दीत असणार, असं मला आपलं उगाच वाटतं.

आणि हे कारंजं. ते बनवलं जाँ टिंग्लीनं. हा मोठा शिल्पकार, जन्म फ्रिबूरचा आणि सिफर्टचा दोस्त. मोटारींच्या शर्यतींचं त्यालाही वेड. भंगारातली चाकं, पट्टे, मोटरी जोडून तो हलणारी, खडखडणारी शिल्पं करायचा. एकानं लहानपणी भंगार वेचून विकलं, दुसऱ्यानं ते जोडून कला केली, तेव्हा त्यांची मैत्री न होती तरच नवल. १९८४ मध्ये टिंग्लीनं मित्रासाठी हे लोखंड उभं केलं. पुतळा नाही, हेल्मेट नाही, गाडीही नाही. नुसती चाकं आणि चारी बाजूंना उडणारं पाणी.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग तो उठून कुंडाच्या अगदी कडेला गेला आणि मोबाइलवर फोटो काढायला लागला. मी त्याला सांगणार होतो की तो वरचा पाइप फिरून इकडं येतोय, पण तोवर उशीर झाला होता. शर्ट, चष्मा, मोबाइल, सगळं भिजलं. पलीकडं एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते, ते खो खो हसले. आमची गाडी चुकली. पुढच्या गाडीनं बर्नला पोचलो तेव्हा पुरणपोळ्या गार झाल्या होत्या आणि दोघींनी आमच्यासाठी न थांबता जेवून घेतलं होतं.